ऐसपैस आवाजाचा हेडफोन कुठला घेऊ?

टिळकवाडीकर: कुमार गंधर्वांच्या जुन्या मैफली ऐकालोय, खरं आत्ताच्या हेडफोनात तानपुरा, तबला, गळा सगळं डोक्याच्या मधोमध कोंबल्यागत वाटतंय बघा, जरा मोकळा आवाज देणारा सांगा की. मोबाईललाच लावणार.

खानापुरी: ओपन-बॅक घ्या. कपाची मागची बाजू जाळीची असते, आवाज आत कोंडत नाही. फिलिप्सचा एसएचपी९५०० ३२ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा), कमी आहे म्हणून मोबाईलवर चालतोय. सेनहायझर एचडी ६०० भारीच, खरं ३०० ओहम, त्याला ॲम्प, म्हणजे आवाजाला जोर देणारं वेगळं यंत्र पाहिजे.

निपाणीवाला: बाहेरचं पण सगळं ऐकू येतंय हं, खडेबाजारात घालून फिरायचा नव्हे तो! बेसपण कमीच.

टिळकवाडीकर: रात्री घरातच ऐकतो. बायको शेजारी झोपलेली असते, आवाज बाहेर जातो काय?

खानापुरी: जातो की. वैनींना मैफल फुकट 😄 आणि रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं असलं तर कुठलाही हेडफोन घ्या, मधोमधच ऐकू येणार, ते आधी बघा.