मदत हवी आहे: होलोग्रामचं चांदीचं नाणं लक्ष्मीपूजनात घासलं गेलं

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची. नाण्यांतलं मला फार कळत नाही, पण हे नाणं वडिलांचं, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅनडाच्या टांकसाळीचं ‘मेपल लीफ’ हे चांदीचं नाणं १९८८ मध्ये सुरू झालं. त्याला १५ वर्षं झाली म्हणून २००३ मध्ये त्यांनी होलोग्रामच्या पाच नाण्यांचा संच काढला, ५ डॉलरपासून १ डॉलरपर्यंत. टोरांटोच्या काकांनी तो वडिलांना आणून दिला होता. एका बाजूला राणी एलिझाबेथ, दुसरीकडे मेपलचं पान. नाणं जरा कलतं केलं की पानावरून रंग सरकत जायचे. आम्ही लहान असताना वडील ते उन्हात धरून दाखवायचे. हातात मात्र कधी दिलं नाही.

वडील गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी. त्यांची आठवण म्हणून आईने सगळ्यात मोठं, ५ डॉलरचं नाणं डबीतून काढून लक्ष्मीपूजनाला मांडलं. पंचामृताने न्हाऊ घातलं, हळदकुंकू वाहिलं. नंतर हळद निघेना, तर घरची चांदी घासतो तसंच दातांच्या पावडरीने घासलं. आता मधोमध पांढुरका, मेणचट डाग आहे. कडेला थोडे रंग दिसतात, तेही फिके. आई दोन दिवस एकच म्हणतेय, "काय व्हई गयं वं माय हाई!"

जळगावला एका सराफाकडे नेलं. ते म्हणाले, टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढायचं तर कडेला कानस मारावी लागेल. मी तसंच परत आणलं. मला विकायचं नाही, मोडही द्यायची नाही. रंग परत येतील का, एवढंच सांगा. चांदी चमकवायच्या द्रावणात बुडवू का?

प्रतिसाद १

ताई, द्रावणात अजिबात बुडवू नका! हा होलोग्राम वरून चिकटवलेला कागद नाही. नाणं पाडायच्या ठशातच अतिशय बारीक रेषा कोरलेल्या असतात, त्या चांदीवर उमटतात आणि सीडीसारखा प्रकाश फोडतात. चमकवायचं द्रावण चांदीचा वरचा थर खातं, म्हणजे उरलेल्या रेषाही जातील. तुमची चांदी ९९.९९ टक्के शुद्ध, म्हणून फार मऊ. पावडरीने जिथे रेषा झिजल्या तिथे रंग परत येणार नाहीत, हे आधीच सांगतो.

पण सगळाच डाग झिजेचा असेल असं नाही. पंचामृतातलं तूप त्या रेषांत भरलं की रंग आपोआप मंदावतात. सराफाचं भिंग घ्या, दिव्याखाली नाणं कलतं धरून बघा. एकाच दिशेने ओरखडे दिसले तर ती झीज. नुसता धुरकट पापुद्रा दिसला तर तो तुपाचा.

पापुद्र्यासाठी शुद्ध ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं नव्हे. काचेच्या वाटीत, खिडक्या उघड्या ठेवून, देवघरातल्या दिव्यापासून लांब. पंधरा मिनिटं बुडवा, कडेला धरून काढा, दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमधून एकदा काढा आणि तसंच वाळू द्या. पुसायचं नाही, कापसानेही नाही.

प्रतिसाद २

संचातलं ४ डॉलरचं नाणं शेजारी ठेवून ताडून बघा, म्हणजे मूळ रंग कसे होते ते कळेल. आणि नंतर मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून हिरवट चिकटा सुटतो. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागदही लांब ठेवा, चांदी काळी पडते. मूळ डबीच उत्तम.

धागाकर्ती

भाऊ, आज केलं. मधला भाग तसाच आहे, भिंगातून ओरखडे स्पष्ट दिसतात. पण कडेचे रंग उजळले, पानाच्या देठापाशी जांभळा पुन्हा दिसतोय! आईला उन्हात नेऊन दाखवला. दोघांचेही मनापासून आभार. नाणं डबीत परत ठेवलंय. पुढच्या वर्षी पूजेला डबीसकट मांडायचं ठरलंय.