जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर आणलाय, आतून साठ-सत्तरच्या काळासारखा सजवायचाय, सुरुवात कुठून करू? (ग्वाल्हेर)

थाटीपूरची_वहिनी
नमस्कार मंडळी, आम्ही नवरा-बायको दोघंही जुन्या वस्तूंचे वेडे. घरात आधीच एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर, मर्फीचा रेडिओ, गोदरेजचा टाइपरायटर अशी गर्दी झालीये आणि सासूबाईंनी स्पष्ट सांगितलंय की आता या घरात एकतर हे सामान राहील नाहीतर मी. त्यावर ह्यांनी तोडगा काय काढला तर शिवपुरी रोडच्या एका फार्मवरून चक्क जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर उचलून ट्रकवर घालून आणला!! म्हणजे इंजिनवाली गाडी नाही हं, जीपच्या मागे जोडून ओढायचा तो, एक एक्सल, दोन चाकं, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि आत लाकडी सांगाडा. फार्मवाले काका म्हणाले कुठल्याशा धरणाच्या साइटवर इंजिनिअर साहेब त्यात राहायचे, खरंखोटं देव जाणे. कंपनीची पाटी नाही, कागद नाहीत, आत उंदरांचा संसार आणि एका कोपऱ्यात प्लायवूड बोटाने दाबलं तर आत जातंय.

माझ्या डोक्यात इंटरनेटवर बघितलेलं ते अमेरिकन आहे, फिकट गुलाबी आणि पिस्ता रंग, चौकटीचे पडदे, फ्लेमिंगो वगैरे. हे म्हणतात बाहेरून आरशासारखा चमकवू. तर १) पॉलिश की रंग? २) सजावटीच्या वस्तू ग्वाल्हेरात कुठे मिळतील? ३) तिघऱ्याच्या धरणापर्यंत तरी ओढत नेता येईल का? दिवाळीच्या आधी आतलं काम सुरू करायचा विचार आहे.

पत्रा_आणि_रिपीट
वहिनी, पडद्याचं कापड अजिबात घेऊ नका अजून. बोटाने प्लाय आत जातंय म्हणजे छतातून किंवा खिडकीच्या कडेतून पाणी येतंय आणि ते बरीच वर्षं येतंय, जिथे दिसतं तिथेच गळत असतं असं पण नाही, लाकडातून उतरत उतरत भलतीकडे निघतं. एक पेचकस घ्या आणि खालच्या पट्ट्या, खिडक्यांखालची लाकडं, दाराची चौकट सगळीकडे टोचून बघा, जिथे मऊ लागेल तिथे खडूने खूण. मग एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, पण खालून वर जायचं हळूहळू, एकदम छतावर मारलं तर सगळीकडून पाणी येईल आणि भोक कुठलं ते कळणारच नाही.

आणि कृपा करून सिलिकॉनच्या नळ्या आणून फासू नका. एकदा सिलिकॉन लागलं की त्याच्यावर दुसरं काहीच धरत नाही, अगदी नवीन सिलिकॉनसुद्धा नाही, मग खरवडत बसा. खिडक्या पूर्ण उतरवून कडेला ब्युटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) लावून परत बसवायच्या. पत्र्याला लोखंडी स्क्रू असतील तर काढून स्टेनलेसचे घाला, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना लागून ओले राहिले की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून पिठासारखं झडायला लागतं.

पॉलिशचं म्हणाल तर दादांना सांगा तो नाद सोडा. अमेरिकेत ज्या एअरस्ट्रीम चमकवतात त्यांची गोष्ट वेगळी आहे, १९३६ च्या क्लिपरपासून त्यांची बॉडी विमानासारखी रिपीट (रिव्हेट) मारून केलेली, तो पत्राच भार उचलतो. तुमचा पत्रा म्हणजे लाकडी सांगाड्याला घातलेला नुसता अंगरखा, पातळ असणार, बफिंग करताना लाटा दिसतील, आणि चमक काही कायमची राहत नाही, परत परत करावं लागतं. शिवाय मे महिन्यात ४५ डिग्रीला आरसा उभा करून शेजाऱ्यांचे डोळे कशाला फोडायचे. एचिंग प्रायमर मारा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर रंग धरतो, वर साधा गाडीचा रंग, आणि छत मात्र पांढरंच ठेवा. जुना रंग घासताना कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, पाणी लावून घासा आणि तोंडाला चांगला मास्क. डेंटर ट्रान्सपोर्ट नगरात मिळतील पण गाडीवाल्यापेक्षा बसबॉडीचं काम केलेला मिस्त्री शोधा, त्याला लाकूड-पत्रा दोन्ही कळतं.

डब्यांची_मावशी
वरच्या दादांनी सांगितलं ते आधी करा हे खरंच. पण मला फ्लेमिंगोबद्दल बोलायचंय 😀

अगं, तिकडच्या बायका (सिस्टर्स ऑन द फ्लाय म्हणून त्यांचा मोठा ग्रुपच आहे, जुने ट्रेलर रंगवून फिरतात) फ्लेमिंगो आणि चौकटीचे पडदे लावतात कारण ते त्यांच्या आजीच्या घरात होतं. आपल्या आजीच्या घरात फ्लेमिंगो होता का? तू थाटीपूरला राहून अमेरिकेचा सेट लावलास तर ते कॅफेसारखं दिसेल, मालाच्या गोडाऊनमधून आणलेलं. त्यापेक्षा १९६५-७० चं लष्करातलं (म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं) मराठी घर आठव की, हिरवा किंवा पिवळा ऑइलपेंट अर्ध्या भिंतीपर्यंत, वर चुना, बेकेलाइटची काळी बटणं, एनॅमलची पांढरी निळ्या काठाची ताटं, ईगलचा थर्मास, पत्र्याची ट्रंक, तिच्यावर क्रोशाचा रुमाल, भिंतीवर औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर, निवारीची खाट नाही मावणार पण निवारीची पट्टी बाकाला लावता येईल आणि उन्हाळ्यात फोमपेक्षा ती बरीच. सनमायका हवंच असेल तर ठिपक्यांचं किंवा सुती कापडासारखं टेक्स्चर असलेलं जुनं घे, चकचकीत नको.

आणि ग्वाल्हेरात राहून तू विचारतेस वस्तू कुठे मिळतील!! जे. बी. मंघारामचे बिस्किटांचे डबे, फाळणीनंतर ते लोक सक्करहून इथे आले, कारखाना इथलाच, त्या डब्यांवरची देवांची चित्रं गोळा करायला देशभरातून लोक धडपडतात, आणि इकडे अर्ध्या घरांत त्यात अजून सुया-दोरे, मोहरी, जुनी बिलं पडलेली असतात. बाजारात जायच्या आधी नातेवाइकांच्या माळ्यावर चढ. आत्या, मामी, सगळ्यांना विचार. मोबदल्यात नवीन स्टीलचे डबे द्यायचे, दोघंही खूश. ग्वाल्हेर पॉटरीजच्या कपबश्यासुद्धा अशाच निघतात, पालथ्या करून शिक्का बघ. ऑनलाइन लोक डब्याला वाट्टेल ती किंमत सांगतात आणि त्यात नकली पण खूप आलेत. खऱ्या डब्यावर छपाई थेट पत्र्यावर असते, कडेला नख घातलं आणि चित्र सोलून निघायला लागलं तर स्टिकर चिकटवलाय समज. गंज पण सगळीकडे सारखाच दिसला तर शंका घे, खरा गंज तळाला आणि सांध्यात जास्त असतो.

धुवायचं कसं तर पितांबरी, तारेची घासणी, चिंच काही नाही! चित्रच जाईल. ओल्या मऊ फडक्याने पुसायचं, लगेच कोरडं करायचं, वरून हलकं मेण. मला एका डीलरने एक सुंदर लक्ष्मीचा डबा 'साफ करून' पाठवला होता, लक्ष्मीचा चेहराच गायब. पैसे परत मिळाले नाहीत.

आरटीओला_दंडवत
तिघऱ्याबद्दल. ट्रेलर हे कायद्याने वेगळं वाहन आहे, जीपचा नंबर लावून चालत नाही, त्याची स्वतःची नोंदणी लागते. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये धरतात हे चांगलं, पण तुमच्याकडे ना कागद ना मेकरची पाटी, त्यामुळे आधी चॅसिसवर कुठे नंबर ठोकलाय का ते शोधा, पुढच्या दांड्यावर किंवा उजव्या बाजूच्या चॅनेलवर वायर ब्रश मारून बघा. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, ५० वर्षांच्या वरच्या गाड्यांना व्हीए सिरीजचा वेगळा नंबर मिळतो, पण ते दुचाकी आणि चारचाकीसाठी आहेत, ट्रेलर त्यात बसत नाही, कुणी एजंट 'व्हिंटेजमध्ये करून देतो' म्हणाला तर पैसे देऊ नका. फार्मवाल्या काकांकडून विक्रीचा कागद मात्र आत्ताच सही करून घ्या, नंतर कुणी देत नाही. स्वतःच्या जागेत उभा ठेवून वापरायला काही प्रश्न नाही.

लष्करवाला_बाप्या
उभाच ठेवा हो वहिनी. दौलतराव शिंद्यांनीपण १८१० मध्ये इथे नुसती छावणीच टाकली होती, तेच आपलं लष्कर, दोनशे वर्षं झाली अजून कुणी तंबू उचलला नाही 😂

थाटीपूरची_वहिनी
बाप्या 😂😂 सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या हा मुलगा समजूतदार आहे.

मावशी, तुमचं पटलं, खरं सांगायचं तर थोडं लागलं पण पटलं. माझ्या आईच्या माळ्यावर मंघारामचे निदान दोन तरी असतील, एकात तर बाबांची जुनी बटणं आहेत. मग आता असा विचार आहे की मागच्या पूर्ण भिंतीला वरपासून खालपर्यंत फळ्या मारून तिथे सगळे डबे, रेडिओ, टाइपरायटर, आणि फिएस्टा रेकॉर्डसकट. ओढायचं नंतर बघू पण हे म्हणतात की एक दिवस शिवपुरीला नेणारच.

पत्रा_आणि_रिपीट
मागच्या भिंतीला नको!! ओढायचा असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं. जड सामान मागे गेलं की पुढचा दांडा हलका होतो आणि वेग वाढला की ट्रेलर मागे शेपूट हलवायला लागतो, एकदा लागला की ब्रेक मारून थांबत नाही, उलट वाढतो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढच्या हुकवर यायला पाहिजे, बाथरूमचा वजनकाटा आणि वर आडवी फळी टाकून बघता येतं. टाइपरायटर, मशीन, पाण्याची टाकी हे एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, आणि जमिनीलगत. रिकामे डबे हलके असतात, ते मागे वर चालतील पण फळीला पुढून पट्टी मारा, इलॅस्टिक लावा, नाहीतर पहिल्या स्पीडब्रेकरला लक्ष्मी आणि कृष्ण दोघंही खाली.

दुसरं, हुक. जीपच्या मागचा बॉल, ज्यावर ट्रेलरचा कपलर बसतो, तो ५० मिमीचा आणि दोन इंचाचा असे दोन येतात, दोन इंच म्हणजे ५०.८, डोळ्याला फरक दिसत नाही पण दोन इंचाच्या कपलरमध्ये ५० चा बॉल ढिला बसतो. व्हर्नियर लावून मोजा. सेफ्टी चेन पाहिजेच. टायरवर तारखेचा कोड असतो, चार आकडे असतील तर पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तीनच आकडे दिसले तर टायर २००० च्या आधीचा, तो कितीही गुटगुटीत दिसला तरी बदलायचा. कमानपट्टे खोलून बघा, बेअरिंगला नवीन ग्रीस. आतली जुनी वायर सगळी उपटून टाका, जुन्या वायरवर नवीन पंखा लावायचा मोह होतो, नको.

डब्यांची_मावशी
आणि रेकॉर्डी आत ठेवू नकोस ग, उन्हाळ्यात बंद पत्र्याच्या डब्यात त्या वाकड्या होतील, मग तो फिएस्टा काय वाजवणार. फिएस्टा शोला ठेव, रेकॉर्डी घरात. सासूबाईंना सांग तेवढंच सामान परत येतंय. जुनी कॅलेंडरं, फोटो वगैरे पण खरे असतील तर त्यांची कॉपी काढून लाव, ऊन आणि दमट दोन्ही लागतं तिथे. बाकी खिडक्या दोन्ही बाजूंनी उघडतात ना? छताच्या आत इन्सुलेशन आत्ताच घालून घे पॅनेल लावायच्या आधी, नंतर सगळं परत उचकटावं लागेल.

थाटीपूरची_वहिनी
खिडक्या तीन उघडतात, एक जाम आहे. आज पेचकस घेऊन टोचलं, दाराच्या खालची पट्टी आणि मागचा डावा कोपरा गेलाय, बाकी सांगाडा चक्क चांगला आहे, सागवान आहे म्हणे मिस्त्री. पाण्याची टेस्ट रविवारी, दीर आत बसणार आहेत, त्यांना अजून सांगितलं नाहीये. चॅसिसच्या चॅनेलवर वायर ब्रश मारल्यावर काहीतरी आकडे दिसायला लागलेत, पहिला ५ की ६ कळत नाही, @आरटीओला_दंडवत फोटो टाकू का इथे?

आरटीओला_दंडवत
इथे टाकू नका, चॅसिस नंबर उघड्यावर नको, मेसेजमध्ये पाठवा. आणि आधी त्यावर खडू घासून मग फोटो काढा, आकडे उठून दिसतात.