इस्पितळात दाखल झाल्यावर घरच्या गोळ्या कोणाकडे असाव्यात?

डिचोलीकर
गेल्या महिन्यात आईला ताप आला म्हणून एका इस्पितळात दाखल केलं. "कसल्या गोळ्या चालू आहेत?" असं डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाली, "साखरेची एक, प्रेशरची एक, आणि ती लहान पांढरी." केसपेपरवर तेवढंच उतरलं. वॉर्डात साखरेसाठी ग्लिमेपिराइड सुरू झालं. घरीही तेच चालू होतं, फक्त दुसऱ्या कंपनीच्या नावाने, आणि ती पट्टी आईच्या उशीखाली पिशवीत होती. सिस्टरची गोळी घेतल्यावर ती सवयीने आपलीही घ्यायची. जेवण तर जातच नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे अंग घामाने निथळत होतं, हाका मारल्या तरी ओ देईना. रक्तातली साखर ४४ पर्यंत उतरली होती. ग्लुकोज चढवल्यावर थोड्या वेळाने तिने मला ओळखलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. दाखल होताच घरची सगळी औषधं पट्ट्यांसकट सिस्टरच्या ताब्यात द्यावीत. नातेवाइकांनी परस्पर एकही गोळी देऊ नये.

पेडण्याचा मुलगा
आईचं वाचून वाईट वाटलं, पण हा नियम मला मान्य नाही. माझ्या बाबांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात, आहे. लेव्होडोपाची गोळी सकाळी ६, १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ६ ला लागते. वॉर्डाची औषधं ८, २ आणि ८ ला. पहिल्या दिवशी मी डबी निमूटपणे देऊन टाकली. अकरा वाजेपर्यंत बाबांना कूस बदलता येईना, पाणीही गिळता येईना. वर मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड लिहून आलं. त्याने पार्किन्सनचा त्रास वाढतो. मी विचारलं म्हणून डॉक्टरांनी ते लगेच बदललं. मी तिथे नसतो तर? वर्षानुवर्षं औषध देणाऱ्या माणसाला बाजूला सारून सुरक्षितता कशी येणार?

रातपाळी
मी सिस्टर आहे. रात्री ३० पेशंट असतात. औषधांची ट्रॉली पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत न्यायला तास जातो, आणि त्या तासात दहा जण हाक मारतात. पेडण्याच्या दादांचा राग मला कळतो.

तरीही मी डिचोलीकरांच्या बाजूची. एका पेशंटच्या मुलाने घरून इन्सुलिन आणलं होतं. बाटली मिलीलीटरला १०० युनिटची, सिरिंज लाल टोपीची, म्हणजे मिलीलीटरला ४० ची. त्याने १० च्या रेघेपर्यंत भरलं होतं. त्या रेघेपर्यंत या बाटलीतले २५ युनिट बसतात. मी हात धरला म्हणून टळलं. तो मुलगा सहा वर्षं आईला इन्सुलिन देत होता, पण सिरिंज या वेळी दुकानातून दुसरीच मिळाली होती.

दादा, लेव्होडोपासाठी एक करा. "दिवसातून चार वेळा" असं लिहू देऊ नका, चार्टवर घड्याळाची वेळच लिहून घ्या.

फोंड्याचा फार्मसीवाला
२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारा अपाय कमी करण्याची मोहीम काढली. तिने तीन गोष्टींवर भर दिला होता: जास्त जोखमीचे प्रसंग, एकाच वेळी अनेक औषधं, आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो ती वेळ. बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात हलवताना रक्त पातळ करणारं इंजेक्शन शेवटचं किती वाजता दिलं, हे कागदावर हवंच. आणि घरून निघताना औषधांची नावं आठवत बसू नका, पट्ट्या उचला. पट्टीवर कंपनीच्या नावाजवळ मूळ औषधाचं नाव असतं. ते कोणी वाचलं असतं तर डिचोलीच्या आईला दुहेरी डोस गेला नसता.

डिचोलीकर
सिस्टरबाय, वेळेचं पटलं. दादांनी बाबांजवळ जरूर बसावं, गोळीही त्यांनीच भरवावी. पण सिस्टरच्या समोर, आणि चार्टवर सही झाल्यावर. उशीखाली काही नको.

पेडण्याचा मुलगा
सही करायला माझी हरकत नाही. चार्टवर १० लिहिलं आणि सिस्टर तेव्हा विसाव्या खाटेवर असल्या तर बाबांनी अकरापर्यंत थांबायचं का? १० ची गोळी १० ला मिळेल त्या वॉर्डात डबी पहिल्याच दिवशी देईन. तोवर ती माझ्या खिशात राहील, आणि दिलेली प्रत्येक गोळी मी सिस्टरना सांगेन.