ब्लॅक अँड व्हाइट फोटो घरी छापायला कोणता प्रिंटर घ्यावा? (नवी मुंबई/ठाणे)

मंडळी, प्रिंटर घ्यायचाय, पण आधारकार्डाच्या कॉप्या काढायला नाही, फक्त ब्लॅक अँड व्हाइट फोटोंसाठी. बाबा वागळे इस्टेटला नोकरीला होते तेव्हा त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, त्याचे १२० फिल्मचे चौकोनी निगेटिव्ह माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात सापडले. मासुंदा तलाव, कौपिनेश्वराचं देऊळ, आईचे लग्नानंतरचे पहिले फोटो आणि गडकरी रंगायतनचं काम चालू असतानाचे चार-पाच, म्हणजे १९७८ च्या आधीचे. सगळे स्कॅन करून झालेत आणि इतके छान आलेत की आईच्या साडीची चुणी न् चुणी दिसते.

घोडं अडलंय प्रिंटवर. आमच्या इथे ऐरोलीत एका स्टुडिओतून दहा फोटो काढून आणले, सगळ्यांवर हिरवट झाक. आई बघून काही बोलली नाही, नुसते परत पाकिटात घातले, ते मला फार लागलं. स्टुडिओवाल्याने नीट समजावलं की मशीनला रंगीत फोटोचाच पेपर असतो, त्यावर काळा-पांढराही रंग मिसळूनच तयार होतो. ऑफिसच्या लेझरवर काढून बघितला तर चेहऱ्यावर ठिपके, कारण त्यात काळा टोनर एकच, करडा रंग तो ठिपके कमीजास्त करूनच दाखवणार.

मग वाचत बसलो तेव्हा कळलं की घरच्या इंकजेटलाही तीच भानगड आहे, ग्रे शाई वेगळी नसेल तर तो करडा रंग निळा-गुलाबी-पिवळा मिसळून करतो आणि मग खिडकीपाशी बरा दिसणारा फोटो ट्यूबलाइटखाली गुलाबी दिसतो. दुकानात मला फोटो प्रिंटर म्हणून एप्सन एल८०५० दाखवला, त्यात सहा शाया आहेत खऱ्या, पण जादाच्या दोन म्हणजे फिकट निळी आणि फिकट गुलाबी, ग्रे नाहीच! ग्रे आहे ती एप्सन एल८१६० मधे आणि कॅनन जी५७० मधे (कॅननमधे लाल पण आहे), त्यामुळे सध्या या दोघांवर अडलोय. ए४ मला पुरे.

पिगमेंट शाईवाले (म्हणजे शाईत रंगाचे बारीक कण असतात ते) कॅनन प्रो-३०० किंवा एप्सन पी७०० घेतले तर मॅट पेपरवर काळा खोल येतो आणि प्रिंट वर्षानुवर्षं टिकतात हे मान्य, पण बजेट ओढूनताणून ५० हजार आणि त्यांच्या त्या छोट्या कार्ट्रिज परवडायच्या नाहीत.

या दोनपैकी कोणी वापरत असेल तर सांगा, ग्रे खरंच ग्रे येतो का, की सेटिंगमधे खटपट करावी लागते? महिना-महिना प्रिंट नाही काढली तर हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) जाम होतं का, आणि हेड क्लीनिंगमधे शाई किती जाते? आणि पावसाळ्यात पेपर कुठे ठेवता? आमचं घर खाडीच्या बाजूला आहे, जुलैत कपाटातली पुस्तकंसुद्धा ओलसर लागतात.

ठाण्यात किंवा हार्बर लाइनला कोणाकडे यातला एखादा असेल तर मी पेपर घेऊन येतो, आईचा एकच फोटो काढून द्याल का? शाईचे पैसे देईन. तो तिला दाखवूनच ठरवायचं आहे.