मदत हवी आहे: थायलंडमध्ये शिक्षिका आहे, शनिवार-रविवारचं काय करू? (खोन केन)

कंदीपेढा

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. सध्या थायलंडच्या ईशान्येला, खोन केनमध्ये एका सरकारी शाळेच्या इंग्लिश प्रोग्रॅमला (म्हणजे इंग्रजीतून शिकणाऱ्या वर्गांना) गणित शिकवते. बँकॉक इथून साधारण साडेचारशे किलोमीटर. नोव्हेंबरात दुसरं सत्र सुरू होताना आले. मेपासूनचं नवं वर्षही इथेच करायचं ठरतंय, म्हणून हा धागा.

शाळेचं छान चाललंय. पोरं गुणी आहेत, व्हरांड्यात दिसले की हात जोडून वाकतात आणि लगेच खिदळत पळतात. शुक्रवार संध्याकाळपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. खरी पंचाईत त्यानंतर. थाई सहकारी आपापल्या गावी जातात. फिलिपिनो शिक्षकांचं चर्च आणि बास्केटबॉल असतं, गोऱ्या मंडळींचे बियरचे अड्डे ठरलेले. मी इमारतीखालच्या नाणी टाकायच्या मशीनला कपडे लावते, ते फिरताना बघत बसते आणि वर येते. थाई भाषा आकडे आणि 'किती' एवढ्यापुरती. रविवारी दुपारपर्यंत तोंडातून शब्द निघालेला नसतो, आणि संध्याकाळी लाइनवर (इथलं व्हॉट्सॲपच) शाळेच्या ग्रुपचे मेसेज सुरू होतात.

नेमकं विचारायचं ते असं. मी शाकाहारी आहे (अंडं चालतं). शाळेच्या कँटीनच्या मावशी माझं वेगळं करून देतात, पण सुट्टीच्या दिवशी बाहेर काय खायचं? दुसरं, एका मुलीची आई रविवारी घरी येऊन शिकवा म्हणून मागे लागली आहे. पैसे चांगले देतेय आणि निदान माणसांत जाणं होईल, म्हणून मन होतंय. तिसरं, दर शनिवारी बँकॉकला जाऊन आपली माणसं शोधण्यात अर्थ आहे का?

घरी फोन केला की आई 'मग कुठे कुठे फिरलीस?' विचारते. तिला वाटतं मी रोज समुद्रावर असते. समुद्र इथून पार लांब आहे हो.

अडाणी_आचारी

खाण्याचं मी सांगतो, बँकॉकमध्ये सहा वर्षं काढली आहेत.

पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दिसलं की बिनधास्त शिरा. अक्षर थाई लिपीतलं असतं, पण एकदा बघितलं की विसरणार नाही. तिथे मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नाही. म्हणजे आपल्या एकादशीवाल्या आजीलाही चालेल. ही दुकानं सकाळी लवकर उघडतात आणि दुपारी आवरतात, तेव्हा दोनला जाऊन उपयोग नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नऊ दिवसांचा जे उत्सव असतो, तेव्हा जिकडे तिकडे झेंडे.

इतर ठिकाणी 'माय साय नाम प्ला' म्हणजे फिश सॉस घालू नका, हे पाठ करा. सोमतमला, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीला, पुढे 'माय साय कुंग हेंग' जोडा, त्यात सुकी कोलंबी असते. पण तुम्ही इसानमध्ये, म्हणजे ईशान्य थायलंडमध्ये आहात. तिथल्या सोमतममध्ये प्ला रा, म्हणजे आंबवलेल्या माशांचं पाणी पडतं. तुमच्या पपईत घातलं नाही तरी खलबत्ता तोच, दिवसभर त्यातच कुटलेलं असतं. वास येणारच. जमत नसेल तर सोमतमचा नाद सोडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोललेली मुगाची डाळ तिथे कुठल्याही बाजारात मिळते! थाई लोक ती गोडाच्या पदार्थांसाठी घेतात, म्हणून ती डाळींत न शोधता मिठाईच्या सामानात शोधा. साबुदाणाही दिसेल, पण आपल्यासारखा भिजत घातलात तर लगदा होईल. सांगून ठेवतो.

निळा_डबा

शिकवणीला स्पष्ट नाही म्हणा. तुमच्या वर्क परमिटवर मालक म्हणून शाळेचं नाव आहे. दुसरीकडे पैसे घेऊन शिकवलंत की ते त्या परमिटात बसत नाही. पकडलं जाण्याची शक्यता किती, हा प्रश्नच नको. कुणी जळून तक्रार केली तर व्हिसा तुमचा जाणार आहे, त्या बाईंचा नाही.

एक न विचारलेलं: खोन केनहून नोंग खाईची सीमा जवळ, त्यामुळे कुणीतरी 'चल, शनिवार-रविवार लाओसला जाऊ' म्हणेलच. निघण्याआधी इमिग्रेशनमधून री-एंट्री परमिट काढा. एकदाच्या प्रवासाला १,००० बाट, अनेकदा जायचं असेल तर ३,८००. ते न काढता देशाबाहेर पाऊल टाकलं की व्हिसाची वर्षभराची मुदतवाढ रद्द. आणि स्कूटी घेणार असाल तर दुचाकीचं थाई लायसन्स काढा. लायसन्स नसताना अपघात झाला तर विमावाले हात वर करतात.

गावकूस

बँकॉकला जरूर जा! रात्रीच्या गाडीत झोपायचं, सकाळी बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवात स्टेशनला उतरायचं. खालीच मेट्रोची निळी लाइन आहे, गाडी न बदलता साम योत स्टेशन. तिथून पाहुरात, म्हणजे आपल्या लोकांचा बाजार, चालत. गुरुद्वाऱ्यात माथा टेका, लंगरला बसा, मग हिंग, मोहरी, पोहे, पापड जे हवं ते भरून घ्या. दुकानदार हिंदी बोलतात. नुसतं 'दीदी, और क्या दूँ' ऐकून माझे डोळे भरून आले होते.

उकडशेंगा

गावकूस, तुमचं प्रेम समजलं, पण दर आठवड्याला? दोन रात्री गाडीत काढून सोमवारी सकाळी वर्गावर कोण उभं राहणार? सहामाहीत एकदा हिंगासाठी जावं.

मी उदोन थानीला शिकवत होते, खोन केनला नेहमी येणं व्हायचं. कंदीपेढा, माझं मत थोडं कडू लागेल. तुम्ही मराठी माणसं शोधायला गेलात तर शनिवार प्रवासात जाईल आणि रविवार त्यांच्या आठवणीत. त्यापेक्षा राहता तिथेच चार माणसं तोंडओळखीची होतील असं बघा. त्यासाठी रोज नवी जागा नको, तीच ती जागा हवी.

बुंग केन नाखोन तळं माहीत असेलच. संध्याकाळी साडेपाचला तिथे जा. फेरी मारणारे, सायकलवाले, माशांना खाणं टाकणारे आजोबा, सगळं गाव तिथे असतं. सहाच्या ठोक्याला भोंग्यावर राष्ट्रगीत लागतं आणि पळणारा माणूससुद्धा आहे तिथे थांबतो. एका बाईच्या हातातल्या दोरीचा कुत्रा तेवढा ओढत होता, बाकी सगळे खांब. गीत संपलं की जणू काही झालंच नाही असे सगळे पुन्हा पळायला लागतात. मग स्टेजवर एरोबिक्सवाली येते आणि ढणढण गाणी सुरू. शेवटच्या रांगेत उभ्या राहा. भाषा लागत नाही, हातपाय हलवता आले की झालं. तिसऱ्या खेपेला शेजारची काकू तुमच्या हातात पेरू ठेवेल, तिखट-मीठ लावून.

शनिवारी संध्याकाळी वॉकिंग स्ट्रीट भरते, तिथे तुमचे विद्यार्थी काहीतरी विकत बसलेले सापडतील. आईबाप लगेच ओळख करून घेतात. आणि थाई लिपी शिका. गणिताच्या बाई आहात, चव्वेचाळीस व्यंजनं म्हणजे काय मोठंसं नाही. क, ख, ग, घ असाच क्रम आहे, आपल्याला ती गोऱ्यांपेक्षा लवकर येते.

कंदीपेढा

सगळ्यांचे आभार. शिकवणीला सोमवारी नाही कळवते. परमिटचं कारण सांगितलं की त्यांनाही राग यायचा नाही.

उकडशेंगाताई, एरोबिक्सला पैसे भरावे लागतात का? आणि शनिवारी शाळा इंग्लिश कँप ठेवते, त्याला नाही म्हणता येतं का हो?

उकडशेंगा

माझ्या वेळी फुकट होतं. कुठे डबा ठेवलेला असेल तर दहा-वीस बाट टाका. कँपचं मात्र करार काढून वाचा. शनिवारचं काम त्यात लिहिलेलं असेल तर जावंच लागेल. नसेल तर पहिल्याला जा आणि तिथेच विचारून घ्या की बदली सुट्टी कधी मिळेल. वरिष्ठांना चारचौघांत नाही म्हणू नका, ते तिथे फार लागतं. एकटं गाठून, हसून सांगा.

कंदीपेढा

वाचते. अडाणी_आचारी, डाळ मिळाली! खरंच साबुदाण्याशेजारी होती. खोलीत गॅस नाही, फक्त राइस कुकर आहे. खिचडीला पाणी किती?

अडाणी_आचारी

डाळ-तांदूळ मिळून एक वाटी, तर पाणी चार वाट्या. कुकर निम्म्याच्या वर भरू नका, फेस येऊन झाकणातून बाहेर येतो. फोडणी आधी त्याच भांड्यात करायची, पण बटण वर उडत राहतं, तेव्हा तेल तापेपर्यंत धरून ठेवा.