'लग्न झालंय का?' : लस आणि तपासणीचे अनुभव

लेक बारा वर्षांची. तिला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यायची म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आत्तापासून कशाला? आपली पोरगी काय तशी आहे?" हा कॅन्सर होतो एचपीव्ही या शारीरिक संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूमुळे; तो गाठायच्या आधी लस टोचली तरच पुरता उपयोग, म्हणून तर ९ ते १४ हे वय. पण हे सासूबाईंपुढे बोलणार कोण! "कॅन्सरची लस" एवढंच सांगितलं, कशातून होतो ते गिळलं. नौपाड्यात बालरोगतज्ज्ञांकडे सीरमच्या सर्व्हाव्हॅकचे दोन डोस झाले, सहा महिन्यांच्या अंतराने. तुमच्याकडे काय झालं? लिहा. नाव नको, गाव पुरे.

ऐरोली
मी तेव्हा ३४ ची, अविवाहित. पॅप स्मिअरला, म्हणजे याच कॅन्सरच्या तपासणीला गेले, तर भरल्या वेटिंगरूममध्ये काउंटरवरून प्रश्न, "मिस की मिसेस?" आत डॉक्टरबाई म्हणाल्या, "लग्न नाही ना, मग गरज नाही." मी म्हटलं, "गरज आहे." त्यांचं पेन थांबलं. मग हळू आवाजात, "घरी माहितीये?"
तपासणी दोन मिनिटांची, रिपोर्ट नॉर्मल. तीन वर्षांनी परत यायला सांगितलं होतं, मी पाच वर्षं फिरकले नाही. पुढे वाशीत दुसरीकडे गेले. तिथल्या डॉक्टरांनी "संबंध आहेत का?" हे "शेवटची पाळी कधी?" च्याच सुरात विचारलं आणि लिहून घेतलं. बस्स, एवढंच हवं होतं.

नेरुळ
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? मुलाला लस दिली. बायको म्हणाली, "त्याला कुठे गर्भाशय आहे?" घशाचा, गुदद्वाराचा कॅन्सरही याच विषाणूने होतो, हे मलाही डॉक्टरांकडूनच कळलं. सोसायटीतल्या मित्राने मात्र डोळा मारून विचारलं, "काय रे, पोराला लायसन काढून दिलंस?"

कळवा
नर्स होते, आता निवृत्त. चाळीत 'पिशवीची तपासणी' असायची. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हेच केलं, तर या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. बायका मात्र हात जोडायच्या, "आमचं सगळं बंद झालं, आता कशाला?" जुना संसर्ग दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढतो, हे सांगून घसा बसायचा.
एक विधवा बाई सकाळी नको म्हणाल्या. संध्याकाळी रांग संपल्यावर पदर डोक्यावर ओढून आल्या. म्हणाल्या, "ताई, करा. पण कागदावर कंबरदुखी लिहा."