सांबरा ते हुबळी : ७४ किलोमीटर की शंभर?

नमस्कार मंडळी,
आई-बाबा इथून, परदेशातून, बेळगावला परत निघालेत. बंगळूरहून पुढचं तिकीट सांबऱ्यापेक्षा (बेळगावच्या विमानतळापेक्षा) हुबळीचं बरंच स्वस्त मिळतंय. एका संकेतस्थळावर दोन विमानतळांमधलं अंतर ७४ किमी आणि प्रवास अर्धा तास असं दिसतं. हुबळीला उतरवलं तर चालेल का? चार बॅगा आहेत, घर टिळकवाडीत.

उत्तर (शहापूर) :
ते ७४ सरळ रेषेतलं, हवाई अंतर आहे. अक्षांशात अर्ध्या अंशाचा फरक म्हणजे ५५ किमी, रेखांशात ५०. त्याला पायथागोरस लावला की ७४. अर्धा तास हाही विमानाचा ढोबळ अंदाज, गाडीचा नाही. या जोडीत विमान शोधत बसू नका.

आणि टिळकवाडीत जायचं तर सांबरा मोजायचाच कशाला? हुबळी विमानतळ गोकुळ रोडला. तिथून धारवाड, कित्तूर, हिरेबागेवाडीचा टोल करत बेळगाव शहर साधारण ९५ किमी. मोकळा रस्ता असेल तर पावणेदोन तास, पण धारवाड बायपासच्या रुंदीकरणाचं काम चालू असेल तर अडीच धरा. सांबरा ते टिळकवाडी मात्र पाऊण तासाच्या आत.

खरी मेख सामानात आहे. प्रत्येकी २३ किलोच्या चार बॅगा म्हणजे ९२ किलो. बंगळूर-हुबळी वेगळं तिकीट काढलंत तर देशांतर्गत मर्यादा बहुतेक ठिकाणी माणशी १५, म्हणजे दोघांचे ३०. उरलेल्या ६२ किलोंचे पैसे भरल्यावर स्वस्त तिकीट कुठे राहिलं? सगळा प्रवास एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) काढा, म्हणजे बहुतेक वेळा परदेशी मर्यादाच पुढे चालते. तरी तिकिटावर छापलेला आकडा बघून घ्या.

पीएनआर एक असला तरी बॅगा बंगळूरला उतरवून कस्टममधून न्याव्याच लागतात. सप्टेंबर २०२३ पासून परदेशी विमानं टी-२ ला (टर्मिनल २) लागतात. पुढचं विमान टी-१ वरून असेल तर शटलने जायचं. मध्ये चार तास ठेवा. वडीलधाऱ्यांना व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा.

हुबळीला गाडी ठरवताना डिकीत सीएनजीची टाकी नाही ना, हे विचारा. टाकी असली की चारातल्या दोन बॅगा मांडीवर.

उत्तर (खानापूर) :
रेल्वेच्या भरवशावर असाल तर ती कित्तूरवरून नाही, लोंढ्यावरून वळसा घेते, त्यामुळे बेळगावकराला लांब पडते. आम्हा खानापूरकरांना मात्र तीच सोयीची. गाडी खानापूरला थांबते का, एवढं बघा.

बसने जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा : हायवेवर बेळगावपासून तीसेक किमीवर एम. के. हुबळी नावाचं गाव आहे. बेळगावहून हुबळीचं विमान गाठायला निघालेला पाहुणा पाटी बघून तिथेच उतरू शकतो. नुसतं ‘हुबळी’ न म्हणता ‘हुबळी शहर’ सांगा.

उत्तर (निपाणी) :
निपाणी-चिकोडीकडच्यांनी या हिशेबात पडूच नये. निपाणीहून कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ कोगनोळी टोल आणि कागल करत ३५ किमीच्या आसपास, शहरात शिरायचीही गरज नाही. सांबऱ्याला जायचं तर तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोल, वर बेळगाव ओलांडून दहा किमी. कोल्हापूरला विमानं कमी आहेत हे खरं, म्हणून आधी वार बघायचा, मग तारीख.

पावसाळ्यात गोव्याच्या मोपा विमानतळाचा मोह होतो. बेळगावहून सरळ रेषेत ७० किमीच्या आसपास, पण चोर्ला किंवा आंबोली घाटाने सव्वाशेच्या घरात. जुलैत रात्रीचं उतरणारं विमान घेऊ नका. धुक्यात घाटाला साडेतीन तासही पुरत नाहीत.